इमारत नंतर, आधी शिक्षकांचा संघ उभा करा

आपल्या चळवळीत शिक्षणाचा विषय निघाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "पोरांना कॉन्व्हेंटमध्ये घाला, बाकी सगळं आपोआप होईल." दुसरा म्हणतो, "मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे धर्मांतराचे कारखाने. त्यांच्याकडून आपल्याला काय घ्यायचंय?" पहिल्याला फीची पावती दिसत नाही आणि दुसरा नकळत हिंदुत्ववाद्यांची भाषा बोलतो. माझं स्पष्ट मत आहे की या दोघांनीही बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत.

१९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' हा लेख प्रसिद्ध झाला. त्यात ते भिक्खू संघावर कठोर बोलतात. भिक्खू संख्येने कमी असले तरी चालतील, पण ते उच्चशिक्षित हवेत, असं सांगतात. आणि पुढे म्हणतात की संघाने ख्रिस्ती धर्मोपदेशकांची, विशेषतः जेझुइटांची, काही वैशिष्ट्यं उचलली पाहिजेत. कारण ख्रिस्ती धर्म आशियात पसरला तो शिक्षण आणि वैद्यकीय सेवेच्या बळावर, आणि त्यांचा पाद्री धर्मग्रंथांबरोबर कला आणि विज्ञानही शिकलेला असतो.

आता याच बाबासाहेबांचं दुसरं लिखाण बघा. इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर त्यांचं प्रकरण आहे. तिथे ते मिशनऱ्यांना खडसावतात. भारतातले बहुसंख्य ख्रिश्चन अस्पृश्यांमधून आले, पण मिशनच्या हायस्कूल-कॉलेजांचा आणि वसतिगृहांचा फायदा मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला. हा खर्च चुकीच्या जागी झाला, असं त्यांचं म्हणणं आहे.

काहींना यात विसंगती दिसेल. मला दिसत नाही. पहिलं विधान संघटना कशी असावी याबद्दल आहे, दुसरं ती कुणासाठी राबते याबद्दल. बाबासाहेबांनी पद्धतीचं कौतुक केलं आणि हिशेबही मागितला. या लेखात मला तेच करायचं आहे.

गरिबांच्या शाळेसाठीच जन्मलेला एक संघ

जेझुइटांची कीर्ती मुख्यतः कॉलेजांमुळे. १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांचं पहिलं मोठं कॉलेज निघालं, आणि मुंबईचं १८६९ सालचं सेंट झेवियर्स कॉलेज आपल्याला माहीतच आहे. लॅटिन आणि उच्च शिक्षण हा त्यांचा प्रांत होता. पण केवळ गरीब मुलांच्या प्राथमिक शाळा चालवण्यासाठी स्थापन झालेला कॅथलिक संघ बघायचा असेल, तर 'ब्रदर्स ऑफ द ख्रिश्चन स्कूल्स', म्हणजेच द ला साल ब्रदर्स, यांच्याकडे बघावं लागेल.

ज्याँ-बातिस्त द ला साल यांचा जन्म १६५१ साली फ्रान्समधल्या रीम्स शहरात एका श्रीमंत घरात झाला. सोळाव्या वर्षी ते तिथल्या कॅथेड्रलचे कॅनन झाले, म्हणजे चांगलं उत्पन्न असलेलं धार्मिक पद मिळालं. पुढे ते पाद्री झाले, धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १६७९ साली आद्रियाँ न्येल नावाचे एक गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढायला रीम्समध्ये आले. द ला साल यांनी त्यांना मदत केली आणि त्यातून ते शिक्षकांच्या प्रश्नात ओढले गेले.

त्या काळी गरिबांच्या शाळेतला मास्तर म्हणजे अर्धवट शिकलेला, अर्धपोटी माणूस. दुसरं काम मिळालं की शाळा सोडून जाणारा. द ला साल यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं की या शिक्षकांना ते आपल्या घरगड्यापेक्षाही खालचे समजत होते आणि त्यांच्याबरोबर राहण्याची कल्पनाही त्यांना असह्य होती. ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. आपल्याकडे याला शिवाशीव म्हणतात.

पण १६८० मध्ये त्यांनी या शिक्षकांना आपल्या घरी जेवायला बसवलं. १६८१ मध्ये राहायला आणलं. नातेवाईक भडकले. १६८२ मध्ये त्यांनी वडिलोपार्जित घर सोडलं आणि शिक्षकांबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेले. तिथे ते शिक्षकांना सांगत, देवावर भरवसा ठेवा, उद्याची चिंता करू नका. शिक्षकांनी तोंडावर सुनावलं की तुम्हाला बोलायला काय जातं, तुमच्याकडे पद आहे, इस्टेट आहे. शाळा बंद पडली तर रस्त्यावर आम्ही येणार. या उत्तराने त्यांना विचार करायला लावलं. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडलं आणि १६८४-८५ च्या दुष्काळी हिवाळ्यात आपली संपत्ती गरिबांच्या भाकरीवर खर्च केली.

आपल्या नेत्यांना कार्यकर्त्यांनी असा प्रश्न विचारला, तर काय होतं? उत्तर तुम्हीच द्या.

त्यांनी नेमकं काय बदललं

पहिली गोष्ट भाषेची. तेव्हा मुलांना वाचायला आधी लॅटिनमधून शिकवत. गरिबाचं पोर दोन-तीन वर्षांत शाळा सोडून कामाला लागायचं, तोवर त्याला न लॅटिन आलेलं असायचं न फ्रेंच. द ला साल यांनी आधी फ्रेंचमधून वाचन सुरू केलं. धर्माची भाषा बाजूला ठेवून पोराच्या तोंडची भाषा वर्गात आणली. ज्यांचे पूर्वज संस्कृतच्या भिंतीबाहेर उभे केले गेले, त्यांना याचं मोल समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट वर्गाची. एकेका मुलाला टेबलापाशी बोलावून शिकवण्याऐवजी सारख्या पातळीच्या मुलांना एकत्र बसवून शिकवणं त्यांनी पद्धतशीर केलं. ही कल्पना त्यांच्याआधीही होती, पण शेकडो गरीब मुलांना थोड्या शिक्षकांत शिकवता येईल अशी तिची घडी त्यांनी बसवली.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. १६८० च्या दशकात त्यांनी रीम्समध्ये खेड्यांतल्या शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचं केंद्र काढलं. शाळा कशी चालवायची याचं एक पुस्तक ब्रदर्सच्या अनुभवातून तयार झालं. त्याचं हस्तलिखित १७०६ चं आहे, छपाई १७२० ची. मुलगा गैरहजर राहिला तर का राहिला, घरी काय अडचण आहे, पालकांशी कसं बोलायचं, इथपर्यंतच्या सूचना त्यात आहेत. आज आपण ज्याला 'ड्रॉपआउट' म्हणतो, त्याचा विचार तीनशे वर्षांपूर्वी शिक्षकाच्या रोजच्या कामाचा भाग केला गेला होता.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या संघात पाद्री नव्हते, सगळे 'ब्रदर' होते. एका ब्रदरला पाद्री करण्याची तयारी चालली होती, त्यांचा मृत्यू झाला आणि द ला साल यांनी ठरवलं की संघात पाद्री असणारच नाहीत. म्हणजे एक गट पूजा करणार, मान घेणार आणि दुसरा गट वर्गात राबणार, अशी उतरंड त्यांनी आत शिरू दिली नाही. १६९१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शपथ घेतली की भीक मागून नुसत्या भाकरीवर जगावं लागलं तरी हे काम सोडणार नाही. १६९४ मध्ये बारा ब्रदर्स शपथबद्ध झाले.

याला विरोध कुणी केला? पॅरिसमधल्या लेखन-शिक्षकांच्या व्यवसाय-मंडळाने. फी घेऊन लिहायला शिकवण्याची त्यांची मक्तेदारी होती. ब्रदर्स फुकट शिकवतात म्हणून त्यांनी खटले भरले, शाळांतलं सामान जप्त करवलं, दंड करवला. अक्षराची मक्तेदारी असलेला वर्ग फुकटच्या शाळेला घाबरतो, हे फक्त पुण्यात घडलं असं समजू नका.

गरिबांची शाळा महाग कशी होते

१७१९ साली द ला साल वारले. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ मध्ये, संघ बरखास्त झाला आणि नंतर पुन्हा उभा राहिला. १९०४ मध्ये फ्रान्सने धार्मिक संघांना शिकवण्याची बंदी केली, तेव्हा हजारो ब्रदर्स देश सोडून गेले आणि जगभर शाळा निघाल्या. त्याआधीच, १८५२ साली, सिंगापूर आणि पेनांगमध्ये त्यांच्या शाळा सुरू झाल्या होत्या. आज सुमारे ८० देशांत त्यांच्या संस्था आहेत आणि दहा लाखांवर विद्यार्थी शिकतात. एक माणूस गेला, राजवटी बदलल्या, कायदे उलटले, तरी काम टिकलं. नेत्याच्या महापरिनिर्वाणानंतर ज्या चळवळीचे तुकडे झाले, तिने हे डोळे उघडे ठेवून बघावं.

पण दुसरी बाजूही बघा. मनिलातलं १९११ सालचं द ला साल विद्यापीठ आज फिलिपिन्समधल्या महागड्या संस्थांत गणलं जातं. अनेक देशांत या संघाच्या शाळा म्हणजे सुखवस्तू वर्गाची पहिली पसंती. हे एका रात्रीत झालं नाही. संस्थापक हयात असतानाच रुआँजवळच्या सेंट-योन इथे फी घेणारी निवासी शाळा चालत होती. शाळेचा निकाल चांगला लागतो, मग श्रीमंतांच्या रांगा लागतात, मग फीमधून इमारत वाढते, मग इमारतीचा खर्च भागवायला फी वाढते. गरिबाला कुणी हाकलत नाही, तो गेटपर्यंत पोहोचतच नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिएर बोर्द्यू वाचला. शाळा वर्गव्यवस्था मोडण्याऐवजी तिला गुणपत्रिकेचा शिक्का मारून कशी पुढे नेते, हे त्याने दाखवलं. तेच इथे घडतं.

उलट उदाहरणही त्याच संघात आहे. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १९९३ मध्ये सॅन मिगेल नावाची छोटी शाळा निघाली. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी, कमी पटाची, पालकांवर फीचं ओझं न टाकणारी. तशा शाळा नंतर इतर शहरांतही निघाल्या. म्हणजे मूळ प्रतिज्ञा आठवून मागे वळता येतं. पण वळावं लागतं, आपोआप काही होत नाही.

आणि भाषेच्या नियमाचं काय झालं? हे आपल्या मराठी-इंग्रजी वादासाठी फार मोलाचं आहे. ब्रदर्सनी लॅटिन शिकवायचं नाही, हा नियम फ्रान्समध्ये गरिबांच्या भल्याचा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या ब्रदर्सपुढे आयरिश स्थलांतरितांची पोरं होती. त्यांना कॉलेज आणि प्रतिष्ठेचे व्यवसाय हवे होते आणि त्या दरवाजाची किल्ली लॅटिन होती. म्हणून अमेरिकन ब्रदर्स लॅटिन शिकवू लागले. फ्रान्समधल्या वरिष्ठांनी नियमावर बोट ठेवलं, रोमने त्यांची बाजू घेतली आणि लॅटिन बंद झालं. १९२३ साली पोपने ही बंदी उठवली. तोवर कित्येक वर्षं, गरिबांसाठी केलेला नियम गरिबांच्याच वाटेत आडवा पडला.

म्हणून "फक्त मराठी" आणि "फक्त इंग्रजी" ही दोन्ही भांडणं मला पोकळ वाटतात. लहान पोर ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला वाचायला शिकवा, आणि सत्तेचा दरवाजा ज्या भाषेने उघडतो ती भाषाही त्याच्या हातात द्या. बाबासाहेबांच्या हातात दोन्ही होत्या.

बंद दरवाजामागे

आता जे सांगायचं आहे ते कौतुक करणाऱ्यांना कडू लागेल. उत्तर आयर्लंडमध्ये किरकबिन इथे द ला साल ब्रदर्सचं रुबेन हाऊस नावाचं मुलांचं निवासगृह होतं. तिथे मुलांवर शारीरिक आणि लैंगिक अत्याचार झाले, हे २०१७ च्या अधिकृत चौकशी अहवालात नोंदलं गेलं. संघालाही माफी मागावी लागली. आयर्लंडमधलाच दुसरा शिक्षक-संघ म्हणजे ख्रिश्चन ब्रदर्स, एडमंड राईस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला सुरू केलेला. तोही गरीब मुलांसाठीच. २००९ च्या रायन अहवालाने सांगितलं की मुलांच्या निवासी संस्थांत लैंगिक अत्याचार हा अपवाद नव्हता, तो तिथे मुरलेला होता. यातल्या बऱ्याच संस्था ख्रिश्चन ब्रदर्सच्या होत्या. सरकारचं शिक्षण खातं या संघांपुढे दबून वागत होतं, हेही अहवालाने लिहिलं. आणि ख्रिश्चन ब्रदर्स कोर्टात गेले, त्यामुळे अहवालात आरोपींची नावं छापली गेली नाहीत.

ही मुलं कोण होती? अनाथ, गरीब, शाळा चुकवणारी, ज्यांचं कुणी ऐकणार नव्हतं अशी. त्यागाची वस्त्रं घातलेल्या माणसाला समाज प्रश्न विचारत नाही, तिथेच हे घडतं. मिशेल फूको यांनी १९७५ च्या 'डिसिप्लिन अँड पनिश' या ग्रंथात द ला साल यांच्या त्याच शाळा-पुस्तकाची उदाहरणं दिली आहेत. मुलाचं बसणं, उठणं, प्रत्येक हालचाल, प्रत्येक मिनिट शिस्तीत बांधणारी व्यवस्था म्हणून. जी शिस्त शेकडो पोरांना अक्षर देते, तीच शिस्त बाहेरच्या नजरेशिवाय तुरुंग बनते.

आपल्याकडे आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, श्रामणेर शिबिरं आहेत. तेव्हा "ते ख्रिश्चनांचं आहे" म्हणून हा अहवाल बाजूला ठेवता येणार नाही.

मग आपण काय करायचं?

शिक्षक कुठून यावा, हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. फुल्यांनी शाळांच्या इमारती मागितल्या नाहीत असं नाही, पण वर्गात उभा राहणारा माणूस कोण, हे त्यांनी आधी विचारलं.

पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांनाही हे कळलं होतं. १८८४ च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य कमी पगारावर वर्षानुवर्षं शिकवत राहिले आणि १८९० च्या आपल्या राजीनाम्यात टिळकांनी संस्थेच्या तत्त्वासाठी जेझुइटांचाच दाखला दिला. म्हणजे तोच नमुना त्यांनी आपल्या वर्गासाठी वापरला आणि त्याची फळं पिढ्यान्‌पिढ्या घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत आजीव सेवक होते, म्हणून ती खेड्यापाड्यांत पोहोचली.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखे शिक्षक आणि वसतिगृहात एकत्र वाढलेली पोरं, यातून मिलिंद घडलं आणि दलित साहित्याला लिहिते हात मिळाले. त्या शिक्षकांची पुढची पिढी शपथबद्ध रीतीने तयार करायची व्यवस्था आपण उभी केली का?

काही जण म्हणतील, आरटीई आहे ना, २५ टक्के जागा आहेत ना. त्यांनी लक्षात घ्यावं की २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही. म्हणजे ज्या कॉन्व्हेंटची आपल्याला ओढ आहे, त्यांना ही २५ टक्क्यांची अट बांधत नाही. अनुच्छेद ३० चं संरक्षण मोलाचं आहे, बहुसंख्याकांच्या दादागिरीपुढे ते हवंच. पण बौद्ध हेही अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. तो हक्क आपल्यालाही आहे. तो फी गोळा करायला वापरायचा की गरिबाचं पोर शिकवायला, हे आपण ठरवायचं.

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, तिथल्या बहुतेक ठिकाणी विहार आहे. फरशी आहे, पंखे आहेत, बुद्धरूप आहे. संध्याकाळी सहा ते नऊ मात्र कुलूप असतं. देणगी इमारतीला मिळते, कारण इमारतीवर नाव कोरता येतं. शिक्षकाच्या मानधनावर नाव कोरता येत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव छोटा आणि ठोस आहे.

१. प्रत्येक तालुक्यात पाच पदवीधर मुलं-मुली निवडा. किमान पाच वर्षं शिकवण्याची लेखी बांधिलकी घ्या. लग्न, नोकरी यांना मनाई नको. आपल्याला संन्यासी नकोत, टिकणारे शिक्षक हवेत.

२. त्यांना जगण्यापुरतं मानधन द्या. द ला साल यांच्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न विसरू नका. रिकाम्या पोटी त्यागाची भाषणं ऐकवणं हे शोषण आहे.

३. मुलांकडून फी नाही. पहिल्या वर्षी नाही, निकाल चांगले लागल्यावर तर अजिबात नाही.

४. दर पंधरा दिवसांनी शिक्षकांनी एकत्र बसावं. कोण मुलगा आला नाही, का आला नाही, काय जमलं नाही, हे लिहून काढावं. ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती जावी.

५. मुलांच्या सुरक्षिततेची तपासणी बाहेरच्या माणसांनी करावी, त्यात महिला आणि पालक असावेत. तक्रार संस्थेत दाबायची नाही, सरळ पोलिसांकडे जायची. पॉक्सो कायदा प्रत्येक शिक्षकाला माहीत असलाच पाहिजे.

६. अध्यक्ष आणि शिक्षक यांच्यात मानाची उतरंड नको. जो शिकवत नाही त्याचा फोटो बॅनरवर नको.

हे सगळं परक्यांकडून घ्यावं लागतंय, असं कुणाला वाटत असेल तर संघ हा शब्द कुणाचा आहे ते आठवा. दर पंधरवड्याला उपोसथाला एकत्र बसून आपले दोष सर्वांसमोर मांडण्याची रीत बुद्धांच्या संघाची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या सगळ्याचे नियम भिक्खू संघाला माहीत होते. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी विचारलं की भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस आहे की समाजसेवक? समाजसेवक असेल तरच त्याच्याकडून आशा आहे, असं त्यांचं उत्तर होतं.

द ला साल ब्रदर्सची संख्या १९६० च्या दशकात सोळा हजारांवर होती, आता ती काही हजारांवर आली आहे. त्यांच्या शाळा आज मुख्यतः संसारी शिक्षक चालवतात. म्हणजे चीवर किंवा झगा अत्यावश्यक नाही, बांधिलकी अत्यावश्यक आहे. ती आपल्या पोरांकडे नाही असं मी मानत नाही. रात्र रात्र जागून जयंतीची तयारी करणारे हात आहेत आपल्याकडे. त्यातल्या पाच हातांनी येत्या सोमवारी विहाराचं कुलूप उघडावं, एवढंच म्हणणं आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!